पंगत, पोट आणि स्वादुपिंड

"दारू किती घेता?"

अकोल्याच्या त्या रुग्णालयात मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझ्या अंगावर धोतर होतं, उपरणं ओकारीनं भरलं होतं, कपाळावर सकाळचं गंध तसंच होतं. मी गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर कुशीला पडलो होतो. विचारणारा डॉक्टर तरुण होता. त्याच्या आवाजात हेटाळणी नव्हती. नाव, वय, गाव विचारावं तसंच त्यानं हेही विचारलं.

"घेत नाही."

"कधीच नाही?"

"अहो, मी भिक्षुक आहे. पूजा सांगतो."

"ते ठीक आहे, काका. पण कधीतरी? लग्नकार्यात वगैरे?"

त्या वेदनेतही मला संताप आला. पुढचे कित्येक महिने हा संताप माझ्यासोबत राहिला आणि खरं सांगायचं तर त्यानंच मला उभं केलं. स्वादुपिंडाला सूज आली की पोट दुखतं, हे कोणतंही पुस्तक सांगेल. त्या दुखण्याबरोबर लोकांच्या नजरा कशा बदलतात, घरात काय काय बिघडतं आणि त्यातून मान ताठ ठेवून कसं बाहेर यायचं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ते मी इथे सांगतो आहे.

धोतराला बटण नसतं

माझं नाव विनायक. अमरावतीत अंबागेटच्या आत आमचं घर आहे. आजोबा, वडील, थोरला भाऊ आणि मी, सगळे भिक्षुकीतच. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, लग्न, श्राद्ध. बायको वैशाली शाळेत कारकून आहे आणि मुलगी मुक्ता कॉलेजात शिकते.

आमच्या व्यवसायात जेवण हा कामाचाच भाग असतो. मंत्र कितीही शुद्ध म्हणा, गुरुजी पाटावर बसून पोटभर जेवले आणि 'तृप्त झालो' म्हणाले, की मगच यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. आणि आमच्या वऱ्हाडात पुरणपोळीवर चमचाभर तूप घालत नाहीत, शेजारी तुपाची वाटीच ठेवतात. पितृपक्षात तर एकाच दुपारी दोन घरची पानं. नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हटलं, तर त्यांच्या पितरांना नाही म्हटल्यासारखं.

पॅन्ट घालणाऱ्याला निदान पॅन्ट सांगते की पोट वाढलं. धोतराला बटण नसतं, ते वाढत्या पोटाला मुकाट्यानं सामावून घेतं. रक्तदाबाची गोळी होती, आठवली की घ्यायचो. साखर 'थोडी' वाढलेली होती. हा 'थोडी' शब्द माझा, तपासणीच्या कागदावर तो कुठेच नव्हता. लोक कौतुकानं म्हणायचे, "गुरुजी कसे गणपतीसारखे दिसतात!" मलाही ते आवडायचं.

अकोल्याची वास्तुशांत

मे महिना होता. अकोल्याचा मे काय असतो ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कापसाच्या जिनिंगचे मालक असलेले आमचे जुने यजमान, त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत. सकाळपासून होमापुढे बसलो होतो. दुपारी पानं मांडली. आमरस, पुऱ्या, भजी, कोथिंबिरीच्या सांबारवड्या, कढी.

"घ्या गुरुजी, अजून एक वाटी रस," यजमान स्वतः वाढायला आले. "तुमचं पोट भरलं त समजा आमची वास्तू शांत झाली."

मी घेतला. उठून हात धुतले, विडा तोंडात टाकला आणि दिवाणखान्यातल्या गार फरशीवर जरा टेकलो. तेवढ्यात बेंबीच्या वर काहीतरी सुरू झालं. आधी वाटलं, अपचन. मग ते वाढत गेलं. छातीच्या खाली कुणीतरी पहार रोवतंय आणि ती पाठीतून बाहेर काढायला बघतंय, असं. पुढे वाकलं की कणभर कमी व्हायचं, सरळ झालं की डोळ्यांपुढे काळोख.

"गॅस अडकला असंल," यजमानांचे भाऊ म्हणाले. "सोडा पाजा महाराजाले."

सोडा प्यायलो. तो सगळा बाहेर आला, रस आला, मग नुसतंच हिरवं पाणी. त्या नव्या कोऱ्या बंगल्याच्या अंगणात, सकाळी मीच शिंपडलेल्या पंचगव्यावर मी ओकत होतो. यजमानांनी स्वतः उचलून मला गाडीत घातलं. त्यांचे ते उपकार मी विसरलेलो नाही.

दुधासारखं रक्त

वैशाली आणि मुक्ता अमरावतीहून येईपर्यंत अंधार पडला होता. माझ्या नाकात नळी होती, दोन्ही हातांना सलाईन होतं. डॉक्टर मॅडम आल्या. पन्नाशीच्या असतील, बोलणं सरळ.

"स्वादुपिंडाला सूज आली आहे. तीव्र आहे. पित्ताशयात खडे नाहीत. दारू घेत नाही म्हणता. मग आम्ही रक्त तपासलं." त्यांनी हातातला कागद उलटला. "नळीत ठेवलं तर वर दुधासारखा पांढरा थर आला. ती चरबी आहे. ट्रायग्लिसराइड."

"मंजे?" वैशालीनं विचारलं.

"म्हणजे यांचं पोट, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी, हे सगळं एकाच दुखण्याचं आहे. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात त्याला. शरीराचा अन्न वापरण्याचा हिशेबच बिघडतो. एकेक गोष्ट थोडी थोडी वाढलेली असते म्हणून माणूस चालढकल करतो. पण त्या एकत्र आल्या की असं काहीतरी होतं. आणि यांच्यासारख्यांना ही सूज आली की जास्त त्रास देते. मूत्रपिंड, फुप्फुसं, सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागेल. पुढचे काही दिवस मी तुम्हाला कसलाही शब्द देऊ शकत नाही."

वैशालीनं माझ्या पायाचा अंगठा धरला होता. हाताला सुया होत्या, धरायला तेवढाच मोकळा होता. मॅडम गेल्यावरही तिनं तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आला. माझा थोरला भाऊ, माझ्याहून मोठा भिक्षुक, घराण्याचा कर्ता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि वैशालीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "कोणाला स्वादुपिंड सांगू नका. अपेंडिक्स सांगा. लोक काय समजतात माहीत आहे ना? भिक्षुकाच्या नावाला हा डाग लागला तर गेलं सगळं."

नळीमुळे मला धड बोलता येत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं.

तहान

स्वादुपिंडाला विश्रांती द्यायची म्हणून तोंडानं काही नाही. अन्न नाही, आणि पाणीही नाही. भुकेचं मी काही सांगत नाही, ती लवकरच मेली. तहान मेली नाही.

सिस्टर ओला कापूस ओठांवरून फिरवायची. मी तो चोखायचा प्रयत्न करायचो आणि ती हसून काढून घ्यायची. "नाही काका. फसवू नका." खिडकीबाहेर रसवंतीची घुंगरं वाजायची. पडल्या पडल्या मी आयुष्यात प्यायलेलं सगळं पाणी आठवत होतो. कौंडण्यपूरच्या जत्रेत वर्धा नदीच्या काठावर ओंजळीनं प्यायलेलं, माठातलं, विहिरीतलं, पितळी तांब्यातलं.

लोकांना वाटतं, गुरुजी असल्यानं मी अशा वेळी नामस्मरण केलं असेल. नाही केलं. जे स्तोत्र लहानपणापासून झोपेतही म्हणता येतं, त्याची दुसरी ओळ मला आठवेना. दुखायला लागलं की तोंडातून फक्त 'आई गं' यायचं. मला त्याची लाज वाटली. मग एकदा लघवी कमी झाली, श्वास लागला, मॅडमचा चेहरा गंभीर झाला आणि लाजेची जागा भीतीनं घेतली. भीती अगदी साधी होती. मुक्ताचं शिक्षण व्हायचंय. वैशालीला वाहन चालवता येत नाही. माझ्या मरणाचे विधी दादा सांगेल, आणि त्याच्या घाईच्या सवयीनं अर्धे मंत्र गाळेल.

या शेवटच्या विचारानं मला हसू आलं. हसल्यावर पोटात कळ आली. पण त्या दिवसापासून मी मनात म्हणायला लागलो, गाळू देणार नाही.

लघवी वाढली. श्वास सुधारला. एका सकाळी सिस्टरनं चमचाभर पाणी दिलं. मी ते गिळलं नाही, तोंडात धरून ठेवलं. वैशाली रडत होती आणि म्हणत होती, "गिळा ना आता!"

शेजारची खाट

अतिदक्षता विभागातून वॉर्डात आलो, तर शेजारच्या खाटेवर प्रल्हाद होता. परतवाड्याकडचा ट्रकवाला, माझ्याहून तरुण, अंगानं वाळलेला. त्यालाही हाच आजार होता.

"तुमाले पन हेच झालं काय, महाराज?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग तुमी पन..." त्यानं अंगठा तोंडाकडे नेला.

"नाही!" मी इतक्या जोरात म्हणालो की सिस्टर वळून बघायला लागली.

"चिडू नका. मी पेतो. लपवत नाई."

प्रल्हादला राउंडवर येणारा प्रत्येक जण झापायचा. वॉर्डबॉय, सफाईवाली, त्याला बघायला आलेला मेहुणा, सगळे. त्याला कळ आली तरी लोक म्हणायचे, "आता काहून रडतं? पिताना नाही समजलं?" माझ्या कळेला मात्र सगळे धावायचे. एका दुपारी दादा भेटायला आला आणि प्रल्हाद ऐकत असताना सिस्टरला म्हणाला, "याला या दारुड्याशेजारी कशाला ठेवलं? दुसरी खाट नाही का?"

मला वाटलं प्रल्हाद चिडेल. तो चिडला नाही. दादा गेल्यावर छताकडे बघत म्हणाला, "महाराज, एक सांगा. तुमचं दुखणं वेगळ्या जातीचं हाये काय?"

 दवाखान्यात आल्यापासून मी एकच लढाई लढत होतो, मी पिणाऱ्यांतला नाही. प्रत्येक वेळी 'मी त्यातला नाही' म्हणताना त्यातल्या माणसाला मी आणखी खाली ढकलत होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कळ तीच होती. पहार तीच.

"नाही," मी म्हणालो. "सेम आहे."

"मंग बरं झालं," तो म्हणाला. "मले वाटलं, देवाच्या मानसाले जरा कमी दुखत असंल."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. आमच्या पोटांना ते परवडणारं नव्हतं.

घर

दवाखान्यातून सुटलो की बरा झालो, असं मला वाटत होतं. हे वाचणाऱ्यानं तसं समजू नये. सुटका म्हणजे आजाराचा दुसरा अध्याय.

माझं पोट उतरलं, पण त्याबरोबर मांड्या आणि दंडही गेले. मांडी घालून बसलं की उठताना भिंत लागायची. एका श्वासात म्हटली जाणारी मंगलाष्टकाची ओळ तीन तुकड्यांत तुटायला लागली. साखर आता 'थोडी' राहिली नव्हती, रोज इन्सुलिनची सुई. जेवणाबरोबर कॅप्सूल, कारण अन्न पचवणारे रसच स्वादुपिंड पुरेसे करत नाही. ती विसरली की शौचाला तेलकट व्हायचं आणि वास असा की मला माझीच लाज वाटायची. रात्री पोटात जरा गुरगुरलं की मी उठून बसायचो, आली का परत म्हणून. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे जेवणाची भीती. पंगतीत भल्याभल्यांना मागे टाकणारा मी, समोरच्या अर्ध्या भाकरीकडे संशयानं बघत बसायचो.

वैशालीनं घरातलं तेल मोजायला सुरुवात केली, लोणच्याची बरणी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. ताटात काय आहे त्यापेक्षा काय नाही यावरून आमची भांडणं व्हायला लागली. एकदा मी ताट सरकवून दिलं.

"हे काय जनावराचं खाणं आहे!"

ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "तुमच्या पोटाचं कौतुक अख्ख्या अमरावतीनं केलं. गणपती म्हणून घेतलं ना तुम्ही? तिकडे खाटेजवळ मी एकटी बसली होती, ते कौतुक करणारे नाही बसले! मी शाळेतून येते, तुमच्या सुया बघते, गोळ्या बघते, पुन्हा शाळेत जाते. मला कोणी विचारून राहिलं का, की तू कशी आहेस?"

मुक्ता दारात उभी होती.  मी ताट ओढून घेतलं आणि जेवलो. आजारी माणसाच्या घरात आजारी एकच माणूस नसतो, हे मला त्या दिवशी समजलं.

अपेंडिक्सचं सोंगही फार टिकलं नाही. भेटायला आलेल्या एका बाईंनी वैशालीला विचारलं, "मंग टाके किती पडले?" आणि वैशाली गोंधळली. कुणाचा तरी पुतण्या अकोल्याच्या त्या रुग्णालयात कामाला होता. मग काय, बातमी फिरली. नेहमीच्या एका घरून निरोप आला, या वर्षी गणपती दुसऱ्या गुरुजींकडून बसवतो, तुम्ही आराम करा. आराम हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. मुक्तालाही कॉलेजात कुणीतरी विचारलं, "तुझे बाबा घेतात का गं?" तिनं घरी येऊन सांगितलं, आणि मी काय करणार याची वाट बघत उभी राहिली. मी काहीच केलं नाही.

मोर्शी

अंगात थोडी ताकद आली तसा मी कामाला लागलो. दादाबरोबर मोर्शीला एका संत्रा बागायतदाराकडे उदकशांत होती. बरं वाटतंय म्हणून रक्तातल्या चरबीसाठी दिलेली गोळी मी मनानंच बंद केली होती. कुणीही करू नये, म्हणून लिहितो.

पानावर पुरणपोळी आली. मी हात आडवा केला. यजमानांची म्हातारी आई समोर येऊन बसली.

"नाई म्हनू नका, महाराज. तुमी उपाशी गेले त आमचा देव उपाशी राहते."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आमच्या सगळ्या पिढ्या होत्या. मी हात बाजूला घेतला. पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, तुपाची वाटी संपवली. म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

परतीच्या वाटेवर, नांदगाव पेठ यायच्या आत, पहार परत आली.

या वेळी अमरावतीतच दाखल झालो. सूज पहिल्याइतकी नव्हती, पण नळी तीच, तहान तीच. इथले डॉक्टर म्हणाले, "एकदा वाचलात, दोनदा वाचलात. याची सवय करून घेऊ नका."

वैशाली चिडली नाही, रडलीही नाही. खाटेजवळच्या स्टुलावर बसून तिनं शांतपणे विचारलं, "तुम्हाला जगायचं आहे की चांगलं म्हणवून घ्यायचं आहे? दोन्ही होणार नाही. सांगा, तशी मी तयारीला लागते."

 मला म्हातारीचा राग आला नाही, तिनं प्रेमानंच वाढलं होतं. राग आला तो त्या रीतीचा, जिच्यात माझ्या पोटाच्या नळ्या जळल्या तरी चालतात पण पान रिकामं गेलेलं चालत नाही.

"जगायचं आहे," मी म्हणालो. "आणि काम पण करायचं आहे. घरी बसणार नाही."

डबा

घरी आल्यावर मी दादाला सांगितलं, "यापुढे काम घेतानाच सांगणार. मी जेवणार नाही, डबा आणीन. का ते विचारलं तर आजाराचं नाव सांगीन."

"वेडा आहेस का? भिक्षुक डबा घेऊन जातो? आणि ते नाव घेशील? मग माझ्यासोबत येऊ नकोस."

"नाही येत."

आयुष्यात पहिल्यांदा मी दादाला उलट बोललो. तो पायरीवरून उतरला आणि मागे न बघता गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी अमरावतीतल्या एका कंत्राटदाराच्या मुलीचं लग्न होतं. मुलीकडून मी होतो, मुलाकडून नेमका दादा. कंत्राटदारांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यांना ती गंमत वाटली असावी. लग्न लागलं. माझी मंगलाष्टकाची ओळ आता दोनच तुकड्यांत तुटत होती. कार्यालयात पंगत बसली, गुरुजींची पानं यजमानांच्या रांगेत. वाढप्यानं जिलेब्या टाकायला हात पुढे केला. मी पानावर हात धरला.

"अहो गुरुजी!" कंत्राटदार मोठ्यानं म्हणाले. "पोरीच्या लग्नात उपाशी?"

"मी आपल्याला सांगितलं होतं. डबा आहे माझा."

शेजारच्या दादाचे ओठ न हलता शब्द आले. "विनू, दोन घास खा. तमाशा नको."

पलीकडून कंत्राटदारांचा एक मित्र हसत म्हणाला, "जेवन नाई म्हंता महाराज, मंग आमी जे आयकलं ते खरं हाये काय?"

दोन-चार जण हसले. मी उठून उभा राहिलो.  

"काय ऐकलं ते मला माहीत आहे," मी म्हणालो. "मला स्वादुपिंडाची सूज आली होती. दोनदा. ती दारूनं येते, खड्यानं येते, आणि माझ्यासारख्याला साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी आणि या पोटामुळे येते. हे पोट मी गुत्त्यावर कमावलं नाही, पंगतीत कमावलं. आणि प्यायलो असतो तरी दुखलं एवढंच असतं. आज तुमच्या मुलीच्या लग्नात मी एक मंत्र गाळलेला नाही. पण काय जेवायचं ते मी ठरवणार. हे ज्यांना अशुभ वाटतं त्यांनी दुसरे गुरुजी बघावेत. मला वाईट वाटणार नाही."

शेवटचं वाक्य खोटं होतं. खूप वाईट वाटलं असतं. पण म्हणून टाकलं.

मी खाली बसलो, डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, काकडी. कॅप्सूल पानाच्या कडेला ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन तसाच उभा होता. समोरच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे बाबू, पुढे चाल. मलेही नको. मले पन शुगर हाये, पोरगी लांबून पाहून राह्यली." त्यावर हशा पिकला, आणि या वेळचा हशा वेगळा होता.

दादा पूर्ण जेवला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. अजूनही कामापुरतंच बोलतो. कंत्राटदारांनी पुन्हा बोलावलं नाही. आणखी काही घरं सुटली. काही नव्यानं जोडली गेली, ते फोनवर म्हणतात, "गुरुजी, डबा आणू नका, तुमचं काय ते आम्ही करतो, मीठ-तेल सांगा फक्त." मुक्ता त्या लग्नाला आली होती. घरी जाताना तिनं माझी पिशवी उचलली आणि म्हणाली, "मी पण आता सांगते सगळ्यांना. बिनधास्त."

मी बरा झालो असं मी म्हणत नाही. सुई आहे, कॅप्सूल आहे, पहाटे चालणं आहे. रात्री गुरगुरलं की अजून दचकतो. पण दचकतो आणि कुशी बदलून झोपतो.

अकोला, पुन्हा

त्या लग्नानंतरच्या आठवड्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. अकोल्याहून. त्यांची बहीण त्या पंगतीत होती.

"माझ्या मिस्टरांना तेच झालं आहे, गुरुजी. आम्ही सगळ्यांना कावीळ सांगितली. ते खोलीतून बाहेर येत नाहीत. कोणाला भेटत नाहीत. दुकान बंद आहे." मग घाईघाईनं म्हणाल्या, "ते पीत नाहीत हो."

"पीत असते तरी आलो असतो," मी म्हणालो.

वैशाली सोबत आली. बाईंच्या घरी गेल्यावर ती त्यांना घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. त्या दोघी तिथे काय बोलल्या, मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी हसत होत्या.

मी खोलीत गेलो. पडदे ओढलेले, पलंगावर चाळिशीचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. माझं धोतर-उपरणं बघून तो कसंनुसं म्हणाला, "ग्रहशांत करायला आलात का? हिनं ठरवली असेल."

"नाही. नुसता बसायला आलोय." मी खुर्ची ओढली. "मलाही झालं होतं. कुठे दुखतं ते सांगा."

 त्यानं कूस बदलली, उठून बसला आणि छातीच्या खाली, बेंबीच्या वर हात ठेवला.

"इथे."

"माहीत आहे," मी म्हणालो. "आता पाठीत कुठे, ते सांगा."